निओबियमची चकती आणि काकांचा पॅटर्न : बेळगाव मुलखातले पाच दिवस

मंगळवार, शहापूर

पुण्याहून रात्री निघालेली बस पहाटे कोगनोळीच्या टोल नाक्याशी थांबली, तेव्हा जाग आली. इथून पुढे पाट्या कानडी होतात. निपाणी मागं पडली, तवंदी घाट झाला, संकेश्वर, हत्तरगी, आणि सात वाजता बेळगाव. संक्रांतीच्या आधीचा आठवडा, त्यामुळं थंडी चांगलीच होती. आमच्या गल्लीत दारादारांत बंब पेटलेले. आई म्हणाली, "आधी अंघोळ कर, मग चहा."

माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक राखाडी चकती होती. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, जाडी तीन मिलिमीटरला थोडी कमी. निओबियम या धातूची. असल्याच पत्र्यातून कणत्वरकांच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांच्या, कॅव्हिटी (धातूचे पोकळ कप्पे) बनतात आणि त्या पत्र्याच्या आत चुंबकीय क्षेत्र कधी आणि कुठून शिरतं हे म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद असलेला कण) वापरून मोजणं, हे माझं काम. शाळेतल्या सरांनी बोलावलं होतं. खानापूरला एक, गोकाकला एक, निपाणीला एक, अशी तीन व्याख्यानं. सरांची अट एकच : "मराठीत सांगायचं. गोकाकला कानडी पोरं असतील, त्यांना मी सांगीन. पण तू मराठीत."

पाच वर्षं मी या विषयावर फक्त इंग्रजीत बोलले आहे. बसमध्ये वहीत शब्द लिहून बघत होते. अर्ध्याअधिक ओळी खोडल्या.

रात्री आजीला घेऊन गच्चीवर गेले. तिला म्हटलं, तळहात पसर. या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन आत्ता आरपार चाललाय. आभाळात पंधराएक किलोमीटरवर जन्मतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले दोन. प्रकाशाच्या वेगानं धावला तरी तेवढ्यात साडेसहाशे मीटरच जायचा. तरी तो आपल्यापर्यंत पोचतो, कारण इतक्या वेगात त्याचं घड्याळ आपल्या हिशेबानं हळू चालतं. असं दिसायला हवं, हे होमी भाभांनी १९३८ सालीच 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. आजी बराच वेळ तळहाताकडं बघत बसली. मग म्हणाली, "दुखत नाही म्हणून कळत नाही." याहून नेमकं मी तिला काही सांगू शकले नसते. म्यूऑन धातूत शिरतो तेव्हा धातूलाही जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून तर तो साक्षीदार म्हणून चालतो.

बुधवार, उद्यमबाग

आज कुठंच व्याख्यान नव्हतं, म्हणून काकांच्या कारखान्यात गेले. काका पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे. चाळीस वर्षं सागवानाचे पॅटर्न करतात आणि शेजारच्या फाउंड्र्यांना देतात. उद्यमबागेत शिरलं की ओल्या रेतीचा आणि जळक्या तेलाचा तो वास येतो. लहानपणापासून मला तो आवडतो. बेळगावच्या ओतकामाचं नाव देशभर आहे, पण त्याच्या मुळाशी काकांसारख्यांचे हात आहेत हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

चकती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वजन जोखलं, नखानं घासली, बोटावर तोलून पान्यानं हलकेच वाजवली.

"स्टील नव्हे हे."

"निओबियम."

"किती अंशाला वितळतं?"

"दोन हजार चारशे सत्त्याहत्तर."

"मग ओतत नसणार. पत्रा प्रेसवर ओढत असणार."

अगदी तसंच. साधारण २.८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून वाट्या ओढायच्या, दोन वाट्यांची तोंडं एकमेकींवर ठेवून निर्वात जागेत इलेक्ट्रॉनच्या झोतानं सांधायच्या, आणि असे नऊ कप्पे एका ओळीत जोडायचे. साधारण मीटरभर लांबीची माळ होते. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या एक्स-रे लेसर यंत्रात अशा जवळजवळ आठशे माळा आहेत. माळ द्रव हेलियममध्ये बुडवून दोन केल्विनपर्यंत (उणे २७१ अंश) गार करायची आणि आत सेकंदाला १३० कोटी कंपनं करणारं विद्युतचुंबकीय क्षेत्र भरायचं. इलेक्ट्रॉन प्रत्येक कप्प्यातून जाताना ढकलला जातो. एका मीटरमध्ये दोन-अडीच कोटी व्होल्टचा धक्का.

काकांनी मला बाजूच्या शेडमध्ये नेलं. दोन वेगळ्या प्रकारच्या बिडाची दोन कास्टिंग दोरीला टांगली. एकावर हातोडी मारली, ते घंटेसारखं घुमलं. दुसरं थबकन वाजून गप्प झालं. "हे एस.जी., हे ग्रे. आवाजावरनं कळतं आत ग्रॅफाइट कसलं बसलंय." मला एकदम वाट सापडली. कॅव्हिटीची प्रत आम्हीसुद्धा अशीच सांगतो : एकदा वाजवली की किती वेळ वाजत राहते. चांगल्या निओबियम कॅव्हिटीचा गुणांक एकावर दहा शून्यं, म्हणजे हजार कोटी. सेकंदाला पाचशे कंपनं करणाऱ्या देवळातल्या घंटेला हा गुणांक मिळाला, तर तिच्यातली ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यावर यायला सदतीस दिवस लागतील. कपिलेश्वराला आज वाजवलेली घंटा महिन्यानंतरही ऐकू येईल. काकांनी हातोडी खाली ठेवली. "आणि दोष असला तर?"

तर ती ऊर्जा भिंतीत उष्णता होऊन जाते. दोन केल्विनला एक वॅट उष्णता बाहेर काढायला वर आठशे-हजार वॅट वीज जाळावी लागते. म्हणून दोष कुठं आहे हे शोधायचं.

"एक्स-रे काढा की."

एक्स-रेत भेग दिसेल, पोकळी दिसेल. मला बघायचंय ते चुंबकीय क्षेत्र. निओबियम उणे २६४ अंशांच्या खाली अतिवाहक होतं, म्हणजे वीज विनारोध वाहू देतं, आणि क्षेत्राला अंगाबाहेर ढकलतं. पृष्ठभागापाशी फक्त चाळीसएक नॅनोमीटरची कातडी क्षेत्राला शिवते. केसाच्या जाडीचा दोन हजारावा भाग. बाहेरचं क्षेत्र वाढवत गेलं, सुमारे १७० मिलिटेस्लाच्या पुढं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या चार हजार पटींच्या वर, की क्षेत्राच्या रेषांना आत घुसणं परवडू लागतं. पृष्ठभाग निर्दोष असेल तर धातू त्यांना २४० पर्यंतही थोपवून धरू शकतो. कॅव्हिटीत रेषा घुसली की संपलं. म्हणून त्या घुसण्याचा क्षण पकडायचा, आणि तो पकडायला आत कुणीतरी बसलेलं हवं.

तो म्यूऑन. प्रोटॉनचा झोत हलक्या मूलद्रव्याच्या ठोकळ्यावर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. त्यातले काही ठोकळ्याच्या पृष्ठभागाशीच थांबतात आणि फुटतात. त्यातून बाहेर पडणारा म्यूऑन आपला स्पिन (अंगभूत फिरकी) आपल्या वाटेच्या बरोबर उलट धरून निघतो. एखाद-दुसरा नव्हे, सगळेच. निसर्गाला डावं-उजवं कळतं हे १९५७ साली सिद्ध झालं, त्याचीच ही देणगी. म्यूऑन चकतीत शंभरेक मायक्रॉन खोल जाऊन बसतो. जिथं बसला तिथं चुंबकीय क्षेत्र असेल तर त्याचा स्पिन भोवऱ्यासारखा डोलत फिरतो. एक टेस्लाला सेकंदाला साडेतेरा कोटी फेरे. मग तो मरतो आणि मरताना एक पॉझिट्रॉन (धनभाराचा इलेक्ट्रॉन) सोडतो, तोही बहुधा स्पिन ज्या दिशेला असेल त्या दिशेला. म्यूऑन आत शिरला की आमचं घड्याळ सुरू, पॉझिट्रॉन बाहेर आला की बंद. एका वेळी एकच म्यूऑन आत. व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत आणि स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये असं चालतं. लाखो म्यूऑनांची साक्ष जमली की कळतं, आत रेषा होती की नव्हती.

काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी चकतीची कड अंगठ्यानं चाचपत म्हणाले, "म्यूऑन मध्यभागी बसतो. रेषा शिरणार कडेनं. होय की नाही?"

मी गप्प झाले. हाच घाव आमच्यावर बसला होता. एका बीमटाइममध्ये, म्हणजे म्यूऑनच्या झोतावर आम्हाला मिळालेल्या वेळेत, अशाच चकतीवर क्षेत्र लंब लावून मोजत होतो. क्षेत्र वाढवत गेलो, मध्यभागीचे म्यूऑन सांगत राहिले की आत काही नाही. आकडा इतका वर गेला की गटातले सगळे हरखले. चार रात्री आम्ही तेच मोजलं. नंतर हिशेब मांडला तेव्हा कळलं की तो आकडा शक्यच नव्हता. रेषा केव्हाच कडेनं घुसल्या होत्या आणि धातूतल्या दोषांना अडकून कडेलाच बसल्या होत्या. मध्यभागापर्यंत बातमी पोचली नव्हती. बीमटाइम वर्षातून एक-दोनदा मिळतो. त्या चार रात्री मला अजून लागतात.

"आमच्यात कोपऱ्याला रेडियस दिला नाही तर क्रॅक तिथनंच सुरू होतो," काका म्हणाले. "पॅटर्नलाच गोल मारावा लागतो. चकती कशाला घेता? कड नसलेलं काहीतरी घ्या की."

घेतात. लंबगोल, दोन्ही टोकांना निमुळता. त्याच्यावर ट्रायम्फमध्ये मोजमापं झालीत. पण चाळीस मिनिटांत, पान्यानं एकदा वाजवून, काका तिथं पोचले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून मला लांबी-रुंदी विचारली आणि एक सागवानी तुकडा बाजूला काढून ठेवला.

गुरुवार, खानापूर

सकाळच्या बसनं खानापूर. पंचवीसेक किलोमीटर, पण हवा बदलते, झाडी दाट होते. खानापूरची माती प्रसिद्ध. कौलं आणि मडकी इथली. व्याख्यान दुपारी, म्हणून सर मला आधी एका कुंभारकामाच्या शेडमध्ये घेऊन गेले.

तिथल्या मावशी भाजलेल्या कुंड्यांवर चकाकीचा लेप चढवत होत्या. मी विचारलं, लेप नाही दिला तर? "पाणी पाझरतंय. मडक्याला तेच पायजे, बरणीला नको." एकाच मातीचं मडकं आणि बरणी. फरक कशाचा, तर वरच्या पातळ थराचा. निओबियमवर निओबियम-टिनचा किंवा मॅग्नेशियम डायबोराइडचा पातळ लेप दिला, तर रेषा आत शिरायला बरंच जास्त क्षेत्र लागतं, हे म्यूऑननी दाखवून दिलंय. हे दोन्ही लेप निओबियमपेक्षा कमी थंडीतच अतिवाहक होतात, एक १८ केल्विनला आणि दुसरा ३९ ला.

आचेचीही गोष्ट तशीच. कॅव्हिटी आम्लानं घासून गुळगुळीत केल्यावर शेवटी निर्वातात १२० अंशांवर अठ्ठेचाळीस तास ठेवतात. भजी तळायचं तेल यापेक्षा तापतं. एवढ्या मंद आचेनं धातूचं आत काय व्हायचं? तरी जास्त क्षेत्राला एकदम वाढणारी तिची ऊर्जेची गळती या आचेनं थांबते. हा उपाय आधी सापडला आणि कारण मागाहून शोधावं लागलं. त्यासाठी साधा म्यूऑन चालत नाही, तो फार खोल जातो. स्वित्झर्लंडमध्ये म्यूऑन गोठवलेल्या वायूच्या पातळ थरातून नेऊन जवळजवळ थांबवतात. दर लाखात जेमतेम काही उरतात. उरलेल्यांना मोजून-मापून परत ढकलतात, म्हणजे ते पृष्ठभागाखाली दहा, पन्नास, शंभर नॅनोमीटरवर, हवं तिथं बसतात. २०१४ मध्ये एका गटानं मांडलं की मंद आचेनं त्या कातडीचा स्वभावच पालटतो. पुढं इतरांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली आणि ते चित्र तितकं सरळ नाही असं दाखवलं. हा वाद मिटलेला नाही. मी व्याख्यानात तो लपवला नाही. अकरावीच्या मुलांना तोच भाग सगळ्यात आवडला. दोन पोरी तर बसस्टँडपर्यंत विचारत आल्या की मग खरं कुणाचं.

मावशींनी एक छोटी पणती दिली, बिनलेपाची. पैसे घेतले नाहीत.

शुक्रवार, गोकाक

गोकाकचा धबधबा बघायचा तर श्रावणात. जानेवारीत घटप्रभा बारीक होते आणि बावन्न मीटरांचा कडा उघडा पडतो. मी लहानपणी पावसाळ्यात आले होते तेव्हा फक्त गढूळ पाणी आणि गर्जना आठवते. आज खडक दिसले. १८८७ साली इथं पाण्यावर वीज झाली असं सांगतात. तेव्हा देशातल्या बहुतेक गावांत कंदीलच होते. त्या वेळच्या गिरणीजवळ झुलता पूल आहे. त्यावर उभी राहून मी तासभर खाली बघत होते.

खाली पात्रात एक चपटा खडक प्रवाहाला आडवा, आणि जरा पुढं एक गोटा, लांबट, प्रवाहाच्या दिशेनं पडलेला. आडव्या खडकाच्या दोन्ही कडांशी पाणी पांढरं होऊन धावत होतं. गोट्याच्या अंगावरून मात्र ते नुसतं सरकत होतं, पोटाशी किंचित घाई करून. अतिवाहक रेषांना बाहेर ढकलतो, खडक पाण्याला. रेषांनाही वळसा घालून जावं लागतं आणि वळशात त्या दाटतात. हे गणित दोन्हीकडं एकच आहे. भोवरे नसलेल्या पाण्याचं समीकरण आणि रेषांचं समीकरण सारखंच लिहितात. गोल चेंडू असेल तर त्याच्या पोटाशी क्षेत्र दीडपट होतं. लांबट असेल तर त्याहून कमी. पातळ चकती आडवी धरली तर कडेला कितीतरी पट. म्हणजे माझ्या त्या चार रात्रींत मध्यभागी शांतता होती आणि कडेला असला पांढरा फेस होता.

आडव्या खडकाच्या कडेला पालापाचोळा अडकलेला होता. तोही मला पाहिजेच होता. धातूतल्या दोषांना रेषा अशाच अडकतात. निओबियम १४०० अंशांवर निर्वातात तापवलं की बहुतेक दोष निघून जातात, आणि मग कडेनं शिरलेली रेषा अडकत नाही, सरळ मध्यभागी येते. तेव्हा मध्यभागीचा म्यूऑन खरं सांगतो.

हे सगळं समीकरणांत मला ठाऊक होतं. पण पुलावर उभं राहून ते डोळ्यांना दिसलं, आणि शब्द मराठीतच आले. वही काढून लिहून घेतलं.

व्याख्यान कानडी माध्यमाच्या शाळेत. बेळगावच्या खडेबाजारातून आणलेला भोवरा काढला, तर पोरं एकदम ओरडली, "बुगरी!" सरांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. जाळी गुंडाळून एका मुलानं माझ्यापेक्षा दसपट चांगला फिरवला. भोवरा कलला आणि डोलत फिरायला लागला तेव्हा मी म्हटलं, बघा, याचं डोकं ज्या वेगानं फिरतंय त्यावरून खाली किती ओढ आहे हे न बघता सांगता येतं. म्यूऑनचं तसंच. सरांनी कानडीत सांगितलं. मुलानं विचारलं, एकाच भोवऱ्यावरून कसं कळणार, तो तर लगेच पडतो. म्हणून लाखो लागतात, बाळा. एकसारख्या कलानं सोडलेले लाखो. रेषा आत नसेल तर ते बराच वेळ एकमेकांशी जुळून राहतात. निओबियमच्या केंद्रकांची बारीक कुजबुज तेवढी त्यांना हळूहळू पांगवते. रेषा घुसली की प्रत्येकाला वेगळी ओढ लागते आणि क्षणात सगळे विखुरतात.

परत येताना करदंट, ही गोकाकची मिठाई, घेतली. आजीला चावत नाही, तरी ती मागते.

शनिवार, निपाणी

पहाटे काका दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला सागवानी लंबगोल, चिंचोक्यासारखा गुळगुळीत, पॉलिश करून. लेथवर काढला होता. मधोमध पेन्सिलनं बारीक रेघ मारलेली. "पोट कुठं येतंय ते कळावं म्हणून," म्हणाले. सोबत आईनं तीळगुळाचा डबा दिला, शाळेत वाटायला.

शनिवारची सकाळची शाळा. निपाणीत शिरताना तंबाखूचा तो गोडसर उग्र वास. वर्गात साठ मुलं, बहुतेक आसपासच्या खेड्यांतली, वेदगंगेच्या काठची. मी चकती फिरवली, मग लंबगोल. गोकाकचा खडक आणि गोटा फळ्यावर काढला, पण पुढचं सांगितलं नाही. विचारलं, चुंबकीय रेषा या बाजूनं त्या बाजूला निघाल्या, आत शिरायला बंदी आहे, तर चकतीत पहिली रेषा कुठून घुसेल?

"कडेनं," दहा-बारा आवाज.

"आणि यात?"

वर्ग शांत. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीच्या हातात तेव्हा लंबगोल होता. ती तो उलटा-सुलटा करत होती. तिनं काकांच्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं, मग उचललं, मग परत ठेवलं.

"इथनं. पण उशिरा."

"उशिरा का?"

"कोपरा नाही न्हवं, बाई. पाणी इथं जोरात जातंय, पण लई जोरात नाही."

मी तिला पुढं बोलावून तेच सगळ्यांना सांगायला लावलं. तिनं नदीतल्या गोट्याचं उदाहरण दिलं, माझ्या फळ्यावरच्यापेक्षा चांगलं, कारण तिनं त्यात धुणं धुतलं होतं. मग तिनं विचारलं, पाणी पोटाशी शिरलं आणि म्यूऑन टोकाशी बसला असेल तर त्याला कळेल का?

दोषांत अडकली तर कळणार नाही, मी म्हटलं. म्हणूनच आधी १४०० अंशांवर तापवायचं.

तिनं मान हलवली आणि लंबगोल मागच्या बाकाकडं दिला. तीळगूळ वाटायला तिलाच सांगितलं.